तेरा दिवसांच्या आधी

इंद्रलाल रॉयबद्दल कुठेही वाचायला घ्या, सुरुवातीलाच हिशोब येतो. तेरा दिवसांत दहा विमानं. जुलै १९१८, पहिल्या महायुद्धाचा शेवटचा उन्हाळा. ६ तारखेला त्याने पहिलं जर्मन विमान पाडलं, १९ तारखेला दहावं, आणि २२ तारखेला तो स्वतः गेला. वय वर्षं एकोणीस. पाच विमानं पाडणाऱ्या वैमानिकाला तेव्हा 'एस' म्हणत. त्या मानाचा हा पहिला भारतीय.

हे सगळं खरं आहे आणि थक्क करणारंही आहे. पण त्याच्या आयुष्यातला ज्या भागाशी मी पुन्हा पुन्हा येऊन थांबते, तो या तेरा दिवसांत नाही. तो त्याआधीच्या साडेसहा महिन्यांत आहे, जेव्हा त्याने एकही विमान पाडलं नव्हतं, उलट स्वतःचंच विमान मोडून ठेवलं होतं. त्या वेळी घरी परतण्याची किंवा जमिनीवरच्या सुरक्षित कामाला लागण्याची वाट त्याच्यापुढे मोकळी होती. कोणी नावं ठेवली नसती.

घरापासून सांगायला हवं, कारण हे घर साधं नव्हतं. वडील पियरेलाल रॉय कलकत्त्याचे बॅरिस्टर, सरकारी वकिलीत मोठ्या पदावर. मूळ घराणं आजच्या बांगलादेशातल्या बारिसालजवळच्या लाकुटियाचं, जमीनदारांचं. इंद्रलालचा जन्म २ डिसेंबर १८९८चा, कलकत्त्याचा. मुलांची शिक्षणं इंग्लंडमध्ये व्हावीत म्हणून आई लोलिता मुलांना घेऊन लंडनला राहिली. ही बाई फक्त मुलांचे डबे आणि शाळेच्या फिया सांभाळत बसली नव्हती. १९११च्या जून महिन्यात लंडनमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी प्रचंड मोठी मिरवणूक निघाली, तिच्यात भारतीय स्त्रियांचीही एक तुकडी होती. साड्या नेसून चालणाऱ्या त्या बायकांचं छायाचित्र आजही पाहायला मिळतं. त्यांत लोलिता रॉय आहेत. स्वतःला मत नाही, आपल्या देशाला तर नाहीच नाही, आणि तरी ही आई लंडनच्या रस्त्यावर उतरते. इंद्रलाल तेव्हा बारा वर्षांचा होता. घरात त्याला सगळे 'लॅडी' म्हणत.

शाळा लंडनमधली सेंट पॉल्स. पुढे ऑक्सफर्डला जायचं जवळपास ठरलेलं होतं. वडिलांच्या पावलावर पाऊल टाकून बॅरिस्टर, नाहीतर सनदी अधिकारी, अशी रुळलेली वाट समोर होती. पण १९१४ साली युद्ध पेटलं तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता, आणि त्या वयाच्या मुलांना शाळेतच लष्करी कवायत होती. वरच्या वर्गातली मुलं एकेक करून जात होती आणि त्यांची नावं मृतांच्या याद्यांमध्ये परत येत होती. थोरला भाऊ परेशलाल सैन्यात भरती होऊन खंदकांत लढायला गेला. इंद्रलालला मात्र विमान हवं होतं.

एप्रिल १९१७ मध्ये, अठरा वर्षांचा झाल्यावर, त्याने रॉयल फ्लाइंग कोअरकडे, म्हणजे ब्रिटिश सैन्याच्या हवाई शाखेकडे, अर्ज केला. डोळ्यांच्या तपासणीत तो नापास झाला. नजर कमी पडते, उडता येणार नाही, असा निकाल.

इथे एक मोटारसायकल येते. मुलाकडे मोटारसायकल होती, ती त्याने विकली, आणि आलेल्या पैशातून इंग्लंडमधल्या नामवंत नेत्रतज्ज्ञाची फी भरून डोळे पुन्हा तपासून घेतले. त्या तज्ज्ञाने नजर चांगली असल्याचं सांगितलं आणि आधीचा निकाल फिरला. अठरा वर्षांच्या मुलाच्या लेखी मोटारसायकल म्हणजे काय असते हे वेगळं सांगायला नको. वडील पैसेवाले होते, त्यांच्याकडे मागता आले असते. का मागितले नसावेत याचा मी माझ्यापुरता तर्क करते, की ज्या गोष्टीला घरातून विरोध व्हायची शक्यता असते तिचे पैसे माणूस आपल्या खिशातून भरतो.

जुलै १९१७ मध्ये तो सेकंड लेफ्टनंट झाला. एका भारतीय मुलाच्या बाबतीत ही सोपी गोष्ट नव्हती. सैन्यात राजाच्या सनदेने अधिकारी होणं भारतीयांना तोवर जवळजवळ बंदच होतं. हरदित सिंग मलिक हा शीख तरुण ऑक्सफर्डमध्ये शिकलेला, क्रिकेट खेळणारा. त्यालाही ब्रिटिशांनी आधी दाद दिली नाही. तो फ्रेंचांच्या बाजूने रुग्णवाहिका चालवायला गेला, फ्रेंच हवाई दलात जायची तयारी केली, आणि ऑक्सफर्डमधल्या त्याच्या शिक्षकाने वरिष्ठांना पत्र लिहिल्यावर मग ब्रिटिशांचं दार उघडलं. त्या दारातून युद्धकाळात आत शिरलेले भारतीय वैमानिक चार: मलिक, इंद्रलाल, एरोल सेन आणि मुंबईचा श्रीकृष्ण वेलिंगकर. वेलिंगकरकडे मी शेवटी येणार आहे.

ऑक्टोबरच्या अखेरीस इंद्रलाल फ्रान्समध्ये ५६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाला. ही साधी तुकडी नव्हती. जेम्स मॅकडनसारखे नाणावलेले वैमानिक तिथे होते. इंद्रलालच्या फ्लाइटचा, म्हणजे स्क्वाड्रनमधल्या छोट्या गटाचा, प्रमुख कॅप्टन रिचर्ड मेबरी, तोही तसाच. हातात विमान आलं एसई-५ए, त्या काळातलं अव्वल एकआसनी लढाऊ विमान.

आणि ६ डिसेंबर १९१७ला ते कोसळलं. शत्रूच्या गोळीने नाही, अपघाताने. एकोणिसावा वाढदिवस होऊन चार दिवस झाले होते.

या अपघाताभोवती एक गोष्ट सांगितली जाते. तो मेला असं समजून त्याला शवागारात नेऊन ठेवलं, तिथे त्याला शुद्ध आली, त्याने आतून दार बडवलं, आणि पहाऱ्यावरच्या माणसाची भीतीने दार उघडायची छाती होईना. इतकी वर्षं ती गोष्ट इतक्या जणांनी सांगितली आहे की तिच्यात भर किती पडली असेल हे आता वेगळं काढता येणार नाही. मी ती सांगते, पण तिच्यावर काही उभारत नाही. नोंदीतली गोष्ट साधी आहे. तो जबर जखमी झाला, इंग्लंडला पाठवला गेला, आणि बरा झाल्यावर डॉक्टरांनी त्याला उडायला अपात्र ठरवलं.

मेबरी त्याच डिसेंबरच्या १९ तारखेला लढताना मारला गेला. इंद्रलाल इस्पितळात नसता तर बहुधा त्याच गस्तींवर असता.

बरं होण्याच्या त्या काळात त्याने चित्रं काढली. विमानांची. आकाशात एकमेकांमागे लागलेली, वळणारी, खाली झेपावणारी विमानं. पुष्कळशी चित्रं टिकून राहिली आहेत. पंखांमधल्या तारा, शेपटीचा आकार, वळताना पंख किती कलतो, सगळं नीट पाहून काढलेलं. जे विमान आपल्याला घेऊन जमिनीवर आदळलं, त्याचीच चित्रं हा मुलगा अंथरुणावर पडून काढत होता. मला यात शौर्य वगैरे दिसत नाही. मला यात ओढ दिसते. उडणं त्याच्या डोक्यातून जात नव्हतं.

डॉक्टरांच्या निकालानंतर त्याला उड्डाणाऐवजी सामानसुमानाच्या विभागात अधिकारी म्हणून काम मिळण्याची तजवीज झाली. विमानांची इंजिनं, सुटे भाग, साठा. गरजेचं काम, अंगावर गणवेशही तोच, आणि रात्री झोपायला पलंग नक्की. आईला केवढा दिलासा वाटला असेल! एक मुलगा खंदकात आहे, निदान दुसरा तरी आता जमिनीवर राहील. पण इंद्रलाल वरिष्ठांच्या मागे लागला. पुन्हा तपासा, पुन्हा शिकवा, पुन्हा पाठवा. शेवटी त्यांनी मानलं.

मी ज्या जागी येऊन थांबते ती ही. पहिल्यांदा जाताना मुलाला काय माहीत असतं? शाळेतल्या गप्पा, वर्तमानपत्रातली वर्णनं, थोडी हौस. पहिल्या वेळेचं धाडस बऱ्याच अंशी अज्ञानातून येतं आणि त्यात कमीपणा काही नाही. पण जून १९१८ मध्ये परत जाणाऱ्या इंद्रलालला सगळं माहीत होतं. आदळल्यावर शरीराचं काय होतं ते माहीत होतं. मेबरी गेल्याचं माहीत होतं. आपल्या जुन्या तुकडीतल्या जेवणाच्या टेबलावरचे किती चेहरे बदललेत हेही कानावर आलं असणार. इतकं माहीत असूनही तो गेला, आणि कोणी ढकललं म्हणून नाही, स्वतः भांडून गेला. पुढचे तेरा दिवस याच माणसाचे आहेत.

१९ जूनला तो ४० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये रुजू झाला. फ्लाइटचा प्रमुख जॉर्ज मॅकएलरॉय, आयरिश, स्वतः मोठा लढवय्या. त्याने या मुलाला हाताशी धरलं असणार, कारण डिसेंबरमध्ये विमान आदळणारा वैमानिक जुलैमध्ये वेगळाच दिसतो. ६ जुलैला पहिलं विमान, एक हॅनोव्हर. ८ जुलैला चार तासांच्या अवधीत तीन. १३ला दोन, १५ला दोन, १८ला एक, १९ला एक. यांतली काही इतरांच्या जोडीने पाडलेली. या सगळ्याला त्याचं एकूण उड्डाण जेमतेम १७० तासांचं.

त्या विमानात बसून लढणं म्हणजे नेमकं काय होतं ते जरा डोळ्यांसमोर आणायला हवं. एसई-५ए लाकडी सांगाड्याचं, वरून कापड ताणून बसवलेलं. वेग ताशी दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. बसायची जागा उघडी. पाच हजार मीटरच्या आसपास जायचं, तिथे उन्हाळ्यातसुद्धा हाडं गोठवणारी थंडी, आणि श्वासाला प्राणवायूची सोय नाही. दोन मशीनगन. एक व्हिकर्स, फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या जातील अशी जुळवलेली. दुसरी लुईस, वरच्या पंखावर बसवलेली. लुईसच्या गोळ्यांची चकती संपली की ती वक्र पट्टीवरून खाली ओढून घ्यायची आणि भर वाऱ्यात उभ्या केलेल्या त्या बंदुकीवर थिजलेल्या बोटांनी नवी चकती चढवायची. त्या वेळी विमानाचा दांडा गुडघ्यांमध्ये धरायचा. आणि हे करत असताना मागून कोण येतंय ते बघायला मान सतत फिरती ठेवायची.

पॅराशूट नाही. ही गोष्ट वाचताना मला अजूनही राग येतो. पॅराशूट तेव्हा अस्तित्वात होतं. निरीक्षणाच्या फुग्यांतून वर जाणारे ब्रिटिश सैनिक ते वापरत होते. त्याच उन्हाळ्यात जर्मन वैमानिकांनाही ते मिळू लागलं होतं. ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना मात्र युद्ध संपेपर्यंत मिळालं नाही. पेट्रोलची टाकी समोर, भोवती कापड आणि लाकूड. आग लागली की वैमानिकापुढे दोनच पर्याय उरत, जळत खाली यायचं किंवा उडी टाकायची. ४० क्रमांकाच्याच स्क्वाड्रनमधून पुढे आलेला एडवर्ड 'मिक' मॅनॉक, ब्रिटिशांच्या सर्वांत यशस्वी वैमानिकांपैकी एक, या आगीला इतका धास्तावलेला असे की जळायची वेळ आली तर स्वतःला संपवता यावं म्हणून तो पिस्तूल बरोबर ठेवायचा.

आणि समोरच्या विमानातही माणसंच होती. आपण दहाचा आकडा म्हणतो तेव्हा हे निसटतं. हॅनोव्हर हे दोन माणसांचं विमान, पुढे वैमानिक, मागे निरीक्षक. शत्रूचं विमान ताबा सुटून खाली जाताना दिसलं तरी ब्रिटिश ते खात्यात जमा करत, त्यामुळे त्यातले काही जण जमिनीपर्यंत सुखरूप पोचलेही असतील. सगळे नक्कीच नाहीत. त्यांच्याही घरी कोणी 'लॅडी'सारख्या लाडक्या नावाने हाक मारणारं असणार. इंद्रलालच्या मनात त्यांच्याविषयी काय येत होतं? तेवढा वेळ त्याला मिळाला नाही. युद्धातून वाचलेले वैमानिक पुढे म्हातारपणी यावर बोलले, लिहिलं. त्यासाठी आधी म्हातारं व्हावं लागतं.

२२ जुलै. कार्व्हिन गावाच्या वरचं आकाश. बरोबर आणखी दोन एसई-५ए. समोरून यास्टा २९ या जर्मन तुकडीची चार फोकर डी-७ आली. फोकर डी-७ हे जर्मनांचं त्या वर्षीचं सर्वोत्तम लढाऊ विमान. त्या झटापटीत इंद्रलालचं विमान खाली गेलं.

तो महिना पाहिला की अंगावर काटा येतो. ९ जुलैला मॅकडन गेला, इंजिनाने दगा दिल्यामुळे. २२ला इंद्रलाल. २६ला मॅनॉक, जमिनीवरून आलेल्या गोळ्यांनी पेटलेल्या विमानात, म्हणजे ज्याची त्याला सगळ्यांत जास्त भीती होती तसाच. ३१ला मॅकएलरॉय. इंद्रलालला पुन्हा उभं करणारा माणूस त्याच्यानंतर नऊ दिवसही पुरता जगला नाही. युद्ध संपलं ११ नोव्हेंबरला. चार महिनेसुद्धा उरले नव्हते.

सप्टेंबरमध्ये त्याला मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस जाहीर झाला. हा सन्मान मिळालेला तो पहिला भारतीय. मानपत्रात नऊ विमानांचा उल्लेख आहे, नंतरच्या अभ्यासकांनी दहा धरली. कलकत्त्यात भवानीपूरला त्याच्या नावाचा रस्ता आहे, आणि १९९८ साली जन्मशताब्दीला आपल्या टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट काढलं.

त्याच्या मृत्यूनंतर जर्मनांच्या 'रेड बॅरन'ने, म्हणजे मानफ्रेड फॉन रिश्टहोफेनने, आकाशातून त्या जागी पुष्पचक्र टाकलं, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडतं. हे अजिबात घडलेलं नाही. रिश्टहोफेन २१ एप्रिल १९१८लाच मारला गेला होता, इंद्रलाल तेव्हा आघाडीवर परतलाही नव्हता. ही कथा पसरवणाऱ्यांचा हेतू वाईट नसावा, पण मला ती खुपते. जगप्रसिद्ध शत्रूने फुलं वाहिली म्हणजे आपला मुलगा मोठा, असा काहीतरी भाव तिच्यामागे आहे. त्याला त्या फुलांची गरज नव्हती. मोटारसायकल विकणारा, शय्येवर विमानं रेखाटणारा, वरिष्ठांशी भांडून परत जाणारा मुलगा आहे तेवढाच पुरेसा आहे.

आता ज्या प्रश्नाला वळसा घालून पुढे जाता येत नाही तो प्रश्न. हे युद्ध कोणाचं होतं? ज्या साम्राज्यासाठी तो लढला, त्याच साम्राज्याच्या सैन्याने नऊ महिन्यांनी, १३ एप्रिल १९१९ला, जालियनवाला बागेत नि:शस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या. म्हणून काही जण इंद्रलालचं नाव घ्यायला कचरतात, परक्यांचा शिपाई म्हणून बाजूला सारतात. उलट काही जण हा सगळा गुंता गाळून त्याला थेट आजच्या राष्ट्रवीरांच्या रांगेत बसवतात. मला दोन्ही पटत नाही. वसाहतवादाचा सगळा हिशोब एकोणीस वर्षांच्या मुलाकडून चुकता करून घेणं हा अन्याय आहे. त्याच वेळी, तो कोणाच्या झेंड्याखाली उडत होता हे न सांगता त्याची गोष्ट सांगणं हेही त्याला अर्धवट करणं आहे. त्याचं बालपण लंडनमध्ये गेलं. त्याचे वर्गमित्र मरत होते. त्याची आई त्याच शहरात हक्क मागत रस्त्यावर चालली होती. आपण कोणापेक्षा कमी नाही हे सिद्ध करण्याची आस त्या घरात नक्कीच होती, आणि ती दाखवायला १९१७ साली भारतीय मुलाला फार थोड्या जागा होत्या. त्याने निवडलेली जागा आपण निवडली नसती असं आज म्हणणं सोपं आहे, कारण निवडायची वेळ आपल्यावर आली नाही.

उत्तर फ्रान्समध्ये एस्तेव्हेल नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या दफनभूमीत त्याची समाधी आहे. तिच्यावर बंगालीत कोरलेल्या ओळीचा अर्थ असा: महावीराची समाधी, आदर राखा, स्पर्श करू नका. कलकत्त्यातल्या कुणीतरी, बहुधा घरच्यांनीच, ही ओळ तिथे जावी म्हणून खटपट केली असणार. आसपासच्या गावकऱ्यांपैकी कोणालाही ती वाचता येणार नाही हे त्यांना ठाऊक असेलच.

परेशलाल खंदकांतून जिवंत परतला. पुढे कलकत्त्यात त्याने मुष्टियुद्ध रुजवलं, पोरांच्या पिढ्या घडवल्या, आणि भारतीय मुष्टियुद्धाचा जनक म्हणून नाव मिळवलं. धाकट्या भावाच्या मागे तो साठ वर्षं जगला. इंद्रलालला साठ वर्षं मिळाली असती तर त्याने काय केलं असतं? भारतीय हवाई दल १९३२ साली उभं राहिलं, तेव्हा तो चौतिशीत असता. तिथल्या पहिल्या मुलांना उडायला शिकवणारा असा कोणी हाताशी असता तर, असं मनात येत राहतं.

आणि वेलिंगकर. श्रीकृष्ण वेलिंगकर मुंबईचा, केंब्रिजला शिकलेला. २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन विमान उडवायचा. जून १९१८च्या अखेरीस तो गस्तीवरून परतला नाही. जखमी अवस्थेत जर्मनांच्या हाती लागला आणि ३० जूनला त्यांच्या ताब्यातच गेला. इंद्रलालचं पहिलं विमान पडायला तेव्हा सहा दिवस बाकी होते. वेलिंगकरच्या नावावर दहा विमानं नाहीत, तिकीट नाही, दंतकथा तर नाहीच. मराठीतही त्याच्याविषयी फारसं वाचायला मिळत नाही, आणि या गोष्टीची मला मनापासून खंत वाटते. त्यालाही तेवढीच थंडी वाजली होती, त्याच्याकडेही पॅराशूट नव्हतं, आणि त्यालाही त्या बंद दारावर धडका देऊनच आत जावं लागलं असणार.

त्याची समाधी हँगार्ड गावाच्या दफनभूमीत आहे, आमिएं शहरापासून जवळ. एस्तेव्हेल तिथून फार लांब नाही, एका दिवसात दोन्ही जागी जाऊन येता येईल. मला जायचं आहे. आधी हँगार्डला जाईन, कारण इंद्रलालकडे कोणी ना कोणी जात असतं.